डावा हात, वय सत्तेचाळीस

सोमवारी सकाळी पावणेदहाला, चहाचा पहिला घोट अजून तोंडातच असताना, मास्तरांच्या समोरच्या पडद्यावर एक हात उघडला आणि तो घोट गिळायचं मास्तर विसरले. हात तसा नेहमीसारखाच होता. मनगटापाशी सरळ छाटल्यासारखा संपलेला, राखाडी, ना रंग ना केस ना रेषा; ओल्या मातीचा करून कुणी काळ्या पोकळीत टांगून ठेवावा तसा. असे हात मास्तरांकडे महिन्याला वीस-पंचवीस येत. हात, कोपरं, गुडघे, हनुवट्या, कधी अख्खी पाठ. भाजलेल्या माणसाची जखम भरून आली की खरी कटकट तिथून पुढे सुरू होते. व्रण दोरखंडासारखा वर येतो, बोटं आत ओढतो, मान खांद्याला नेऊन चिकटवतो. त्याला दाबून बसवायचं तर लवचीक कापडाचं, अंगाबरहुकूम, अंगापेक्षा घट्ट असं काहीतरी घालावं लागतं, आणि ते काहीतरी मास्तर बेतत. रुग्णालयातल्या बाई एक हातात मावणारं यंत्र रुग्णाच्या अंगाभोवती फिरवून त्याचा आकार टिपायच्या, तो आकार फाईल होऊन इथे यायचा, मास्तर त्यावर शिवणीच्या रेषा मारायचे आणि एक कळ दाबून तो फुगीर आकार सपाट करायचे. सपाट झाल्याशिवाय कापडावर ठेवणार कसा आणि कापणार कसा? फाईलला माणसाचं नाव नसे, नियमच तसा होता. नुसता एक आकडा आणि खाली एक ओळ. आजचा आकडा तीनशे बारा, आणि ओळ: डावा हात, पुरुष, वय सत्तेचाळीस.

मास्तरांनी माउसने हात फिरवला. तळवा समोर आला, मग कड आली, आणि कडेला करंगळी. मधल्या पेरापाशी ती आत वळलेली होती, शेजारच्या बोटाच्या कानात काहीतरी सांगायला वाकल्यासारखी. हे भाजल्याचं वळण नव्हतं. भाजलेलं बोट कसं वळतं ते मास्तरांना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कातडी तळव्याकडून आखडते आणि बोट गळासारखं मिटतं. हे बोट आडवं वळलं होतं, हाडातून, फार जुनं, पोरवयातलं. मास्तर ते बोट ओळखत होते. ओळखणारच, त्यांनीच तर ते वाकडं केलं होतं. वडील शिंपी. घरात पायानं चालवायचं मशीन, आणि वडील जेवायला उठले की दहा वर्षांचे मास्तर त्यावर चढून बसत. कापड नाही, दोरा नाही, नुसते पाय मारायचे आणि खटखट ऐकायची. खाली जमिनीवर चार वर्षांचा धाकटा बसलेला, फिरणाऱ्या चाकाकडे आणि त्यावरून पळणाऱ्या वादीकडे तोंड उघडं टाकून बघत. तो खालून काहीतरी ओरडला. ‘दादा, हळू’ म्हणाला की ‘दादा, जोरात’, हे त्रेचाळीस वर्षं झाली तरी मास्तरांचं ठरलेलं नाही. त्यांनी जोरात पाय मारला, आणि धाकट्याची करंगळी वादी आणि चाकाच्या मधे गेली. बोट तुटलं नाही एवढं नशीब. हाड बसलं ते असं बसलं. वडिलांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना पुढे पुष्कळदा वाटलं.

चहा निवला. शेजारच्या खोलीत शिवणाची मशीनं सुरू झाली. धाकटा सत्तेचाळीसचाच. आपण त्रेपन्न, म्हणजे तो सत्तेचाळीस, मास्तरांनी बोटांवर मोजून पाहिलं, जसं काही वयही वाकडं निघालं असतं. तो बसने चार तासांवर राहतो, कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात वाफेच्या यंत्रावर काम करतो, निदान नऊ वर्षांपूर्वी करत होता. वाफेनं हात असाच भाजतो, वरून, मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत. आणि असे हात बघणारं रुग्णालय आसपासच्या सगळ्या मुलखात हे एकच. आता बाईंना फोन करून तीनशे बारा म्हणजे कोण हो, असं विचारायचं म्हटलं तर बाई सांगणार नाहीत, वर म्हणतील, मास्तर, तुम्हीसुद्धा? राहिला धाकट्याचा नंबर. तो फोनमध्ये होता. फोन खिशात होता. खिसा मांडीला लागून होता आणि तिथे दिवसभर एक चौकोनी जागा गरम राहिली.

काम तर करायलाच हवं होतं. आणि काम म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय मास्तर कळायचे नाहीत. अंग गोल, कापड सपाट, या दोघांचं कधी पटत नाही. वडिलांनी हे एका रद्दीच्या कागदावर शिकवलं होतं. स्वतःच्या गुडघ्यावर कागद पसरला आणि म्हणाले, “बसव बरं.” मास्तरांनी इकडून दाबला, तिकडून फुगला, फुगलेला दाबला तर चुरगळला, ओढून बघितला तर टर्रकन फाटला. वडील हसले. म्हणाले, “बघितलंस? देवानं अंगात एक रेघ सरळ ठेवली नाही. आपण कोण सरळ करणारे? कुठे कापायचं, तेवढं आपल्याकडे दिलंय.” संगणक तेच करतो, फक्त न हसता. शिवणीच्या रेषा मारल्या की तो आकाराची बारीक जाळी सोडवतो, तुकडे पडद्याच्या जमिनीवर अंथरतो आणि वर रंग चढवतो. कापड जिथे ताणलं जाणार तिथे लाल, जिथे गोळा होणार तिथे निळं, जिथे सुखानं बसेल तिथे हिरवं. मास्तरांचं सारं कसब त्या लाल-निळ्याची समजूत घालण्यात. इथे चिमटीभर कापड आत दुमडून एक टक्स, दोन बोटांच्या मधे एक निमुळती कळी, अंगठ्याच्या बुंध्याची शिवण केसभर अलीकडे, की लाल जरा निवतं आणि निळं जरा सैलावतं. सगळं हिरवं कधीच होत नाही. होतं म्हणणाऱ्यानं हात कधी बघितलेला नसतो. मग अगदी शेवटी एक आकडा घालायचा: सोळा. प्रत्येक घेर सोळा टक्क्यांनी कमी. कापड अंगापेक्षा लहान असेल तरच ते दाबणार आणि दाबलं तरच व्रण खाली बसणार. चढवताना माणूस कळवळतो, चढवल्यावर खाजतं, आणि दिवसाचे तेवीस तास ते अंगावर ठेवायचं. एक तास तेवढी आंघोळीची सुट्टी. असं वर्षभर. कुणाकुणाचं दोन वर्षं.

धाकट्याच्या हाताला मास्तरांनी सबंध दिवस घेतला. एरवी एक हात दीड तासात उरकत असे. पडद्यावर त्यांनी तो इतका जवळ आणला की जाळीचे त्रिकोण दिसू लागले, एकेक त्रिकोण तांदळाएवढा. आणि त्या त्रिकोणांवरून रेषा नेताना त्यांना आपण कुणाच्या तरी पाठीवरून हात फिरवतोय असं वाटत राहिलं. करंगळीपाशी रंग लालभडक झाला. वाकडं बोट सपाट व्हायला तयार होईना. टक्स घातला तर शिवण बरोबर त्या जुन्या हाडावर येई, कळी वाढवली तर शेजारचं बोट निळं पडे. मास्तरांनी ते चौदा वेळा उलगडलं आणि चौदा वेळा पुन्हा गुंडाळलं. आणि प्रत्येक वेळी तो तुकडा पडद्यावर आडवा पसरला की त्यांना आईची चादर दिसे.

आई अंथरुणाला खिळली होती तेव्हाची गोष्ट. मास्तरांचं लग्न राहूनच गेलं होतं, त्यामुळे आईचं सगळं त्यांच्याकडे. आणि अकरा रात्री ते नीट झोपलेले नव्हते. धाकटा बायकोला घेऊन आला. आल्या आल्या हातपाय धुऊन, बाह्या सरसावून म्हणाला, दादा, तू पड जरा, मी चादर बदलतो. त्याचे हात कढत पाण्यानं आणि सोड्यानं कातडं झाल्यासारखे झालेले. त्यानं आईला एका कुशीवर वळवलं आणि आई ओरडली. अशी ओरडली की शेजारीण दारात आली. आणि मास्तर धाकट्याच्या बायकोसमोर, शेजारणीसमोर म्हणाले, “सोड! हात लावू नकोस तिला. हात आहेत का लाकडं?” एवढंच. दुसरं काही नाही. धाकट्यानं आईला अगदी हळू, परीट घडी ठेवावी तशी खाली ठेवली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. चार दिवस बसला, दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन. मास्तरांना आत-बाहेर करताना ते दिसायचं, आणि प्रत्येक फेरीला ते ठरवायचे की आता बोलू. पाचव्या दिवशी आई गेली. सगळ्यांनी पायांवर डोकं ठेवलं. धाकट्यानं उंबऱ्यातूनच हात जोडले. मधे एकदा आई म्हणाली होती, “अरे, त्याला काय बोललास? मला देवानं जरी हलवलं तरी दुखेल आता.” पण ते ती मास्तरांना म्हणाली. पहिल्या वर्षी मास्तरांना वाटलं, धाकटा फोन करील. दुसऱ्या वर्षी वाटलं, आपण करावा. तिसऱ्या वर्षी, कशाबद्दल म्हणून करायचा तेच सुचेना, आणि त्यानंतर वर्षं अशी गेली की त्यांना धरायला कड राहिली नाही.

तर संध्याकाळी पाच वाजता, शेवटच्या चौकटीत सोळा लिहून मास्तर थांबले. सोळा टक्के म्हणजे काय ते त्यांना बावीस वर्षं ठाऊक होतं, पण आज ते कानानं ऐकू आलं. त्या लालसर, नुकत्या कातडीवरून हे कापड ओढताना धाकटा ओरडणार. ओरडणार, आणि ओरडायला लावणार आपण, दुसऱ्यांदा. त्यांनी सोळा पुसला आणि आठ लिहिला. फाईल कापायच्या यंत्राकडे पाठवली आणि पडदा बंद केला.

मंगळवारी शिवणाच्या खोलीतून टाचणीबाई आल्या. त्यांना सगळे टाचणीबाई म्हणत, कारण बोलताना, हसताना, एकदा तर शिंकतानासुद्धा त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात तीन टाचण्या असत आणि एकही पडत नसे. त्यांनी कापलेले तुकडे मास्तरांच्या टेबलावर ठेवले.

“मास्तर, हा मोजा हाताला घालायचा की उशीला?”

“का?”

“का काय? मुलखाचा मोठा आहे. आकडा चुकलाय तुमचा. माझ्या मशीनलासुद्धा कळतंय, तिथे तुम्हाला कळेना?”

“आहे तसा शिवा, बाई.”

“शिवते की. माझ्या बापाचं काय जातंय! पण उद्या रुग्णालयातल्या बाईंनी माझा कान धरला तर मी तुमचा पुढे करीन, आधीच सांगून ठेवते.” त्या जायला वळल्या, मग थांबल्या. टाचण्या काढून हातात घेतल्या. “घरचं कुणी आहे का हो?”

“माझ्या घरी कोण आहे?”

“तेच म्हणते मी,” टाचणीबाई म्हणाल्या, आणि तुकडे गोळा करून गेल्या.

पुढचे दोन आठवडे मास्तर सुखात होते. हे त्यांचं त्यांनाच विचित्र वाटलं, पण होतं ते असं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत संध्याकाळी कुलूप उघडून शिरायचं, दिवा लावायचा, एक ताट, एक वाटी, एक भांडं घ्यायचं, हे सगळं तसंच होतं. जिन्यातून खालच्या घरच्या माणसांचं भांडण तसंच वर येत होतं, आणि भांडायला का होईना त्यांच्याकडे कुणी आहे, हा हेवा तसाच होता. पण आता जेवायला बसलं की मास्तरांना वाटे, तिकडे तोही बसला असेल. डावा हात मांडीवर ठेवला असेल, मोज्यातला. मोज्याची शिवण बाहेरून आहे, आत टोचणार नाही. करंगळीच्या पेराशी आपण हातानं काढलेली कळी आहे, ती संगणकाला सुचली नसती. तेवीस तास. नऊ वर्षांत ज्याला एक शब्द बोललो नाही त्याचा हात आपण तेवीस तास धरून बसलोय, आणि त्याला पत्ता नाही. ही कल्पना इतकी गोड होती की मास्तर ती पुरवून पुरवून खात. एकदा त्यांनी ताटावरच मोठ्यानं म्हटलं, “फार आवळत नाही ना रे?” आणि स्वतःच्या आवाजानं दचकले. फोन करायला हवा, हे मधूनमधून मनात येई. भाजलाय, आणि आपण साधं विचारलं नाही, हे काय माणसासारखं झालं? पण फोन केला आणि तो म्हणाला, हो, तर मग पुढे बोलावं लागलं असतं. आणि तो म्हणाला, नाही, तर. या ‘तर’पाशी मास्तर दर वेळी उठून भांडी घासायला लागत.

सोळाव्या दिवशी सकाळी कामाच्या टेबलावरचा फोन वाजला. रुग्णालयातल्या बाई. त्यांच्या आवाजाला प्रस्तावना नसे.

“मास्तर, तीनशे बारा तुम्ही झोपेत केलात का?”

“काय झालं?”

“सैल आहे. सगळीकडून सैल. त्याला हातमोजा म्हणत नाहीत, पिशवी म्हणतात. मला वाटलं मीच आकार चुकीचा टिपला, म्हणून पुन्हा टिपला, रात्रभर डोक्याला ताप. माझं काही चुकलेलं नाही. पंधरा दिवस वाया गेले आणि करंगळीच्या मुळाशी व्रण चांगलाच वर आलाय. परवापर्यंत बोट उघडत होतं, आता उघडत नाही. अजून पंधरा दिवस असेच गेले असते तर चिरावं लागलं असतं. ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

“मग बोला की.”

“चूक माझी आहे.”

“तुमची चूक कधी होत नाही.”

“झाली.”

“बरं. बुधवारी सकाळी अकराला नवीन घेऊन तुम्ही स्वतः या आणि तुमच्या हातानं चढवा. दर वेळी त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं ते मीच का?”

“बाई,” मास्तरांनी विचारलं, “माणूस कसा आहे?”

“कसा म्हणजे? भाजलेला आहे,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाईंनी पुन्हा टिपलेला आकार आला तो मास्तरांनी उघडला. आपण दया केली होती. दया म्हणून जे केलं त्यानं बोट मिटलं. तेच बोट, पुन्हा. नव्या आकारात तो व्रण दिसत होता, करंगळीच्या बुंध्याशी, कपड्याखाली दोरी ठेवल्यासारखा, आणि सोळा दिवसांपूर्वी तिथे काही नव्हतं. मास्तर बावीस वर्षं व्रण बघत आले होते, पण आपण वाढवलेला व्रण त्यांनी आजवर बघितला नव्हता. त्यांनी शिवणी पुन्हा मारल्या. रंग बघितले. सोळा लिहिला. मग तो उंचवटा होता तिथे जाऊन फक्त तेवढ्या पट्ट्याला अठरा लिहिला, आणि लिहिताना त्यांच्या दाढा एकमेकींवर आवळल्या गेल्या, कुणीतरी त्यांनाच तो मोजा चढवत असल्यासारख्या. टाचणीबाईंनी तुकडे उचलले, दोन बोटांत ताणून बघितले आणि म्हणाल्या, “आता कसं!” आणि हातातलं सगळं बाजूला ठेवून त्यांनी तेच आधी शिवायला घेतलं.

बुधवारी मास्तर साडेदहालाच पोचले. बावीस वर्षांत ते त्या इमारतीत तीनदा आले असतील, तेही कागदांवर सह्या करायला. लांबच लांब पडवीसारखी वाट, भिंतीला खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं, आणि त्या माणसांच्या अंगावर मास्तरांनी बेतलेलं. एका बाईची हनुवटी त्यांनी ओळखली. एक कोपर ओळखलं. कोपराला एक चेहरा होता, त्याला चष्मा होता आणि तो वर्तमानपत्र वाचत होता, याचं मास्तरांना उगीच अवघडल्यासारखं झालं. पिशवीतला हातमोजा त्यांनी छातीशी धरला होता. काय बोलायचं ते त्यांनी रस्ताभर जुळवलं होतं. आधी नुसतं “काय रे” म्हणायचं. मग तो बघेल. मग आपण म्हणायचं, हात दे. तो देईल की नाही देणार? हात नाही दिला तर बाईंसमोर काय करायचं? देईल. द्यावाच लागेल, हातमोजा आपल्याकडे आहे. हे वाक्य मनात आलं आणि मास्तरांना धीर आला. कुठून आला, ते त्यांनी बघितलं नाही.

बाईंनी आत बोलावलं. खुर्चीत पाठमोरा माणूस होता. मानेवरचे केस पांढरे, कातरून घेतलेले, वडिलांचे असायचे तसे. आपल्याला ‘काय’ एवढाच शब्द म्हणता येईल, ‘रे’ पुरायचा नाही, असं मास्तरांना वाटलं. माणूस वळला. गोल, गमत्या चेहऱ्याचा, भुवया जळून अर्ध्या उगवलेल्या, एक सोन्याचा दात. कुणी भलताच.

“तुम्हीच का ते मोजेवाले?” भलता माणूस म्हणाला. “या, या. अहो, पहिल्या मोज्यात मी हात घालून वर रुमाल, किल्ल्या, चष्म्याचं घर, सगळं ठेवत होतो. सोयीचा होता हो!”

“हसू नका,” बाई म्हणाल्या. “बोट उघडून दाखवा यांना.”

त्यानं डावा हात पुढे केला. तोच हात. मास्तरांना त्याचा त्रिकोण न् त्रिकोण पाठ होता. आणि आता तो गरम होता, तांबूस होता, त्याला तेलाचा आणि औषधाचा वास होता, तो किंचित थरथरत होता, आणि तो या माणसाचा होता. करंगळी अर्ध्यापर्यंत उघडली आणि अडली. माणसाच्या कपाळावर घाम आला.

“ही करंगळी,” मास्तर म्हणाले, “ही आधीपासून वाकडी...”

“जन्मापासून! आमच्यात सगळ्यांची अशीच. बापाची, आत्याची, माझ्या मुलीच्या तर दोन्ही. पाव भाजायचा धंदा आमचा, भट्टीच्या कडेनं हात घालायला बरी पडते.” तो हसला, मग हसू ओसरलं. “ती भट्टीच उलटली बघा.”

मास्तर स्टुलावर बसले. हात आपल्या मांडीवर घेतला आणि हातमोजा चढवायला लागले. हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं, पण कापड कुठे ओढ घेईल ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत? आधी अंगठा, मग मधलं बोट, मग बाकीची, प्रत्येक बोटाचं टोक पुरतं पोचेतो थांबत. करंगळीपाशी माणूस विव्हळला. त्याचा उजवा हात मास्तरांच्या खांद्यावर आला आणि त्यानं खांदा असा आवळला की उद्या तिथे वळ दिसले असते. “ओरडा,” मास्तर म्हणाले, “खुशाल ओरडा. मी सोडणार नाही.” आणि त्यांनी सोडलं नाही. अठराचा पट्टा उंचवट्यावर बरोबर बसला. मनगटाची चेन ओढली. माणसानं डोळे पुसले.

“रडवलंत की हो.”

“पंधरा दिवस माझ्यामुळे फुकट गेले तुमचे. मला वाटलं, तुम्हाला दुखेल.”

“अहो, दुखणारच! दुखेल म्हणून कुणी सैल करतं का?” तो बाईंकडे बघून हसला. “ओळख ना पाळख, तरी एवढी माया. ओळखीचा असतो तर माझं काय केलं असतं यांनी?”

मास्तर काहीतरी पुटपुटले, नमस्कार केला आणि बाहेर आले. वाटेवरची हनुवटी आणि कोपर अजून बसलेली होती. मास्तर जिना अर्धा उतरले आणि मधल्या वळणावर थांबले. खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता. धाकटा भाजलेला नाही. तो धडधाकट आहे, या क्षणी कुठेतरी दोन्ही हातांनी काहीतरी करतो आहे. देवाचे पाय धरावेत अशी गोष्ट, आणि मास्तरांनी छातीत शोधून पाहिलं तर तिथे आनंद नव्हता. तिथे जे होतं ते, ताटावर बसवून मग वाढायचंच नाही असं झाल्यावर पोरांच्या तोंडावर दिसतं, तसलं काहीतरी होतं. हे काय आहे, ते त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ते कठड्याला धरून खाली पायरीवर बसले. आपल्याला तो भाजलेला हवा होता. खुर्चीत बसलेला, कळवळणारा, हात पुढे केल्यावाचून ज्याला गत्यंतर नाही असा हवा होता. तसा भाऊ आपल्याला चालत होता, त्याच्यासाठी आपण चौदा-चौदा वेळा उलगडत-गुंडाळत बसत होतो, ताटावर त्याच्याशी बोलत होतो. आणि सुखरूप असलेला भाऊ? त्याला आपण नऊ वर्षांत एकदा विचारलं नाही. सोळा दिवस ज्याच्या मायेत आपण लोळलो तो एक राखाडी आकार होता, मनगटाशी संपणारा. त्याला तोंड नव्हतं. म्हणून तर सोपं होतं. “देवा,” मास्तर मोठ्यानं म्हणाले. वरून उतरणारी एक नर्स बाजूनं गेली, तिनं वळून बघितलं, बरं नाही का तुम्हाला, असं विचारलं. “नाही नाही, बरा आहे,” मास्तर म्हणाले आणि तिला खरं वाटावं म्हणून उठून उभे राहिले.

उभे राहिल्यावर त्यांनी फोन काढला. काहीही जुळवलं नव्हतं. सांगायला निमित्त नव्हतं, पिशवीत द्यायला काही नव्हतं. नंबर तोच राहिला असेल की नाही तेही ठाऊक नव्हतं. वाजत होतं. पाचदा वाजलं, सहादा वाजलं. मग पलीकडे एकदम वाफेचा फुस्कारा, यंत्रांचा घरघराट, पाणी ओतल्याचा आवाज, आणि त्या सगळ्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, “कोण?”

“मी.”

यंत्रं चालूच होती.

“दादा?”

“हो. हात... तुझे हात बरे आहेत ना रे?” असला खुळ्यासारखा प्रश्न जगात कुणी कुणाला विचारला नसेल, असं मास्तरांना वाटलं, पण आता तो विचारून झाला होता.

“हात?” धाकटा म्हणाला. “माझे हात? का, काय झालं?” आणि मग, आवाज फुटतो आहे की फोन दूर जातो आहे ते कळेना असा, घाईघाईनं, “थांब, थांब जरा. ओले आहेत. निसटतोय फोन. पुसून घेतो आणि बाहेर येतो, इथे ऐकू येत नाही. ठेवू नकोस हं, दादा.”

“नाही ठेवत,” मास्तर म्हणाले. फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. भेटीची वेळ झाली होती. जिन्यावरून डबे, पिशव्या, पोरं घेऊन माणसं वर चढायला लागली होती. त्यांना वाट द्यायला मास्तर भिंतीला पाठ लावून उभे राहिले, एकदा इकडे सरकत, एकदा तिकडे, फोन कानाशी घट्ट दाबून धरून.